द्वारकेत मागे राहिलेले

वारकरी सज्जनहो, चाळीसहून अधिक वर्षे टाळकऱ्यांच्या पुढे उभा राहून बोललो. आता आवाज बसला, गुडघे ऐकेनासे झाले, म्हणून राजापेठेतल्या घरी ओट्यावर बसून वाचन-मनन चालते. उभे राहून केलेल्या सेवेचा हिशेब बसल्यावरच लागतो. त्या हिशेबात एक कीर्तन मला अजून टोचते. त्याविषयीच आज लिहितो.

तीस वर्षे तरी झाली असतील. भातकुलीकडच्या एका गावी तेरवीचे कीर्तन होते. गेलेला मुलगा पस्तिशीच्या आतला. दारूने गेला. पोटात पाणी झाले होते, शेवटी रक्ताची उलटी झाली. मंडप भरलेला, गावातली तरणी पोरे समोर बसलेली. मला वाटले, व्यसनावर बोलायला याहून योग्य वेळ कोणती? अभंगाच्या दुसऱ्याच चरणावर मी त्या मुलाला उभे केले. दारूने बुद्धी कशी जाते, कुळाला बट्टा कसा लागतो, माणूस जिवंतपणी प्रेत कसा होतो, सगळे सांगितले. लोक हसले, रडले, माना डोलावल्या. सरपंचांनी नारळ दिला आणि म्हणाले, "महाराज, डोळे उघडले गावाचे."

सकाळी निघताना त्या मुलाची आई चहा घेऊन आली. कप खाली ठेवला आणि म्हणाली, "महाराज, रातच्यानं तुमी सारं सांगतलं. माह्या पोरानं दोनदा माळ घातली, दोनदा तोडली. पांडुरंग त्याले जवळ करन का नाही, थे नाही सांगतलं. अन् मी आता काय करू, थे बी नाही सांगतलं."

मी काहीतरी पुटपुटलो. "हरीचे नाव घ्या, माय," असे काहीसे. जीप उभी होती, पुढच्या गावचे कीर्तन होते. मी निघून आलो. काही वर्षांनी दिंडीसोबत त्या वाटेने गेलो तेव्हा घराला कुलूप होते. ती लेकीकडे राहायला गेली असे कळले. पुन्हा भेट नाही. तिच्या दोन प्रश्नांचे देणे राहिले ते राहिलेच.

आपल्याकडे मौत झाली की शेजारपाजार धावतो. तिरडी बांधायला हात लागतात, दहा दिवस कुणी ना कुणी डबा आणते, जाणाऱ्याच्या चार चांगल्या गोष्टी निघतात. दारूने किंवा नशेने कुणी गेला की माणसे येतात, पण बोलणे बदलते. "किती प्यायचा हो?" "तुम्ही आवर नाही घातला?" "सुटला एकदाचा, तुम्हीही सुटल्या." सांत्वनाला आलेला माणूस नकळत पंचनामा करून जातो. घरची मंडळी मग कारणच लपवतात. कुणी कावीळ सांगतो, कुणी हार्ट अटॅक, कुणी अपघात. दुःख तर आहेच, वर ते खोटे बोलून झाकण्याचे ओझे.

अशा घरात बसून ऐकले तर कळते की तिथे एकच दुःख नसते. आईला वाटते, मी पैसे दिले म्हणून तो प्याला. बायकोला वाटते, मी पैसे दिले नाहीत, भांडले, म्हणून तो प्याला. दोघी उलट गोष्टींसाठी स्वतःला एकच शिक्षा करत असतात. रोजची मारझोड थांबली म्हणून बायकोला रात्री शांत झोप लागते आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटते. ज्याने संसार धुळीला मिळवला त्याचा राग येतो, आणि त्याच्याच सदऱ्याचा वास घेऊन ती रडते. पोराला भीती वाटते, मी बापावर गेलो तर? घरात उधारीच्या वह्या घेऊन माणसे येतात ते वेगळेच. आणि यातले काही बोलावे तर ऐकणारा लगेच न्याय द्यायला बसतो.

आता आपल्या ग्रंथाकडे वळू. नाथमहाराजांनी ज्या अकराव्या स्कंधावर एकनाथी भागवत लिहिले, त्याच्या तिसाव्या अध्यायात काय आहे ते आपण सगळे जाणतो, पण सप्ताहात घाईने उरकतो. यादव प्रभासक्षेत्री गेले. तीर्थयात्रेलाच गेले होते. स्नान केले, पूजा केली, दाने दिली. मग मैरेय नावाचे मद्य प्याले, बुद्धी गेली, आणि एकमेकांवर तुटून पडले. शस्त्रे संपली तेव्हा समुद्रकाठची लव्हाळी उपटून भावाने भावाला मारले. त्यात प्रद्युम्न होता, सांब होता, अनिरुद्ध होता, सात्यकी होता. प्रत्यक्ष भगवंताचे पुत्र आणि नातू दारूच्या धुंदीत गेले.

कुणी शास्त्री म्हणतील, तो ब्रह्मशाप होता, भूभार उतरवण्याची लीला होती. खरे आहे. पण शापाला वाट दारूने दिली, हे ग्रंथच सांगतो. आणि जरा थांबून पाहा, प्रद्युम्न कोणाचा? रुक्मिणीचा. म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या लेकीचा. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर तिचे माहेर, अमरावतीची अंबादेवी तिच्या पूजेचे ठिकाण, असे आपण अभिमानाने सांगतो. तिची पालखी कौंडिण्यपुराहून पंढरीला जाते तेव्हा रस्त्यात ओट्या भरतो. पण त्या रुक्मिणीचा मुलगा आणि नातू पिऊन झालेल्या मारामारीत गेले, हे तिच्या ओटीसमोर आपण कधी आठवतो का? भातकुलीकडच्या त्या मायला मी हे सांगायला हवे होते. माय, तुझ्यावर आले ते जगदंबेवरही आले आहे. तू पंढरीत तिच्या पायावर डोके ठेवशील तेव्हा तिला काही समजावून सांगावे लागणार नाही.

पुढचा भाग तर याहून महत्त्वाचा. पिंपळाखाली भगवंत टेकले आहेत, पायात जराव्याधाचा बाण आहे. सारथी दारुक शोधत येतो. निजधामाला जाण्याच्या त्या घडीला भगवंत त्याला मद्यावर प्रवचन देत नाहीत. ते म्हणतात, द्वारकेला जा, झाले ते आपल्या माणसांना सांग, आता तिथे राहू नका, समुद्र नगरी बुडवणार आहे. आपापला परिवार आणि माझे आईबाप घेऊन अर्जुनाच्या आश्रयाने सर्वांनी इंद्रप्रस्थाला जावे.

सज्जनहो, यात तीन गोष्टी आहेत. पहिली, खरे ते सांगितले. दारुकाला काही झाकून ठेवायला सांगितले नाही. दुसरी, धोका ओळखला. मरण झाले तिथेच संकट संपत नाही, मागच्यांच्या दारापर्यंत पाणी येणार आहे. तिसरी, कोणाच्या हाती सोपवायचे ते नाव घेऊन ठरवले. नुसते "देव पाहून घेईल" म्हटले नाही. इथे बोलणारा स्वतः देवच होता, तरी त्याने माणसाचे नाव घेतले.

त्या माणसाचे पुढे काय झाले तेही कथा लपवत नाही. अर्जुन आला, पण वसुदेव, देवकी, रोहिणी शोकानेच गेले. रुक्मिणीही त्या काळाच्या रीतीने अग्नीत गेली. वाटेत आभीरांनी लूट केली आणि ज्याने कुरुक्षेत्र गाजवले त्याच्याने गांडीव पेलेना. तरीही उरलेल्या बाया, मुले, म्हातारी माणसे त्याने इंद्रप्रस्थाला पोचवली आणि अनिरुद्धाचा मुलगा वज्र याला राज्यावर बसवले. मदत करणाऱ्याचे सगळेच साधत नाही. काही जण हातातून निसटतात. म्हणून उरलेल्यांना घेऊन चालणे सोडायचे नसते.

इथे एक शंका येते आणि ती खोटी नाही. अशा मरणाला इतकी माया दाखवली तर दारूचा धाक राहील का? कीर्तनकाराने दारूला वाईट म्हणायचेच नाही का?

म्हणायचे, ठणकावून म्हणायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख माणसे मद्यामुळे गेली. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलची विषारी दारू पिऊन शंभरावर माणसे गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. आता खेड्यापाड्यांत दारूच्या जोडीला गोळ्या आणि पावडरही पोचली आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीला मत दिले की गावचे दुकान बंद होते, हे मला फार मोठे वाटते. मौसलपर्व वाचले तर दिसते की बंदीची दवंडी द्वारकेतही पिटली होती. जो मद्य गाळील त्याला बांधवांसह सुळावर चढवू, इतकी कडक. पुढे प्रभासला काय झाले ते सांगितलेच. बंदी हवी, उपदेश हवा, पण ते मरणाच्या अलीकडचे उपाय आहेत. मरणानंतर मंडपात जी आई बसलेली असते ती दारू पीत नाही. तिला केलेला उपदेश चुकीच्या पत्त्यावर जातो.

आणि धाक माया दाखवल्याने जातो, असे म्हणणाऱ्याने गाडगेबाबांचे चरित्र पाहावे. १८७६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी देबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले. देबू लहान, आई सखुबाई तरुण. ती मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी गेली. त्या घराने "दारुड्याची बायको, दारुड्याचे पोर" म्हणून दार लावले असते तर? आजोळाने दार उघडले, गुरे राखायला लावली, शेती शिकवली, वाढवले. पुढे त्याच मुलाने स्वतःच्या लेकीच्या बारशाला जातीची दारू-मटणाची रीत मोडून गोडाचे जेवण घातले आणि जन्मभर खराटा व कीर्तन घेऊन दारूवर प्रहार केला. महाराष्ट्रात दारूविरुद्ध इतके खणखणीत दुसरे कोण बोलले? तो आवाज दारूने पोरक्या केलेल्या घरातून आला, आणि त्या घराला कुणीतरी आसरा दिला म्हणून आला. मायेने धाक कमी झाला नाही, उलट तिथेच तो जन्मला.

बाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरची धर्मशाळा दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या उपयोगी पडते. रोग्यासोबत जो बाहेर पायरीवर बसलेला असतो, त्यालाही छप्पर लागते, हे त्यांना आपल्या बालपणापासून ठाऊक असणार. याच अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभे केले तेव्हा कुष्ठरोग्याला लोक पापी म्हणत होते. आज आपण त्याला रोगी म्हणतो. व्यसन हाही आजार आहे असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यात माणसाच्या इच्छेचा भाग नाही असे नव्हे, पण नुसत्या इच्छेने तो सुटत असता तर त्या मुलाला माळ दोनदा घालावी लागली नसती.

माळेवरून एक गोष्ट आपल्यापैकी माळ घालणाऱ्यांना सांगायलाच हवी, कारण ती मला फार उशिरा कळली. अट्टल पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर अंग थरथरते, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. "आजपासून थेंब नाही" असे वचन घेऊन आम्ही कित्येकांना घरी पाठवले. कुठल्या घरात त्या रात्री काय झाले असेल, आणि खोलीत कोंडून ठेवणाऱ्या बापाने पुढे स्वतःला काय म्हटले असेल, हा विचार आता झोपू देत नाही. माळ जरूर घाला, पण त्याच दिवशी त्याला दवाखान्यातही न्या.

आता आळंदीला चला. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, मागे चार लेकरे राहिली. दोष असलाच तर बापाचा, तोही धर्ममार्तंडांच्या लेखी, आणि बापाने जीव देऊन तो फेडला होता. तरी लोक लेकरांना संन्याशाची पोरे म्हणून हिणवतच राहिले. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणापर्यंत चालावे लागले. आपला संप्रदाय ज्यांच्या चरणी डोके ठेवतो, ती माउलीच बापाच्या मरणाचा कलंक कपाळी घेऊन वाढली आहे. मग "दारुड्याचे पोर" हा शब्द वारकऱ्याच्या तोंडी कसा शोभेल?

लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानोबांनी झोपडीचे दार लावून घेतले. बाहेर धाकटी मुक्ताई उभी राहिली. ताटीचे अभंग तिथून आले. तिने दार फोडले नाही, आणि दार लावलेय म्हणून निघूनही गेली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती बोलत राहिली.

राजापेठेतल्या आमच्या हरिपाठाच्या मंडळात एक गृहस्थ होते. त्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी होता, तिथेच नशेच्या औषधांनी गेला. सगळ्यांना अपघात म्हणून सांगितले. नंतर खरे पसरले, आणि त्यांनी मंडळात येणे सोडले. आम्ही आपसात म्हणायचो, येतील, वेळ लागतो. असे सात-आठ महिने गेले. वेळ त्यांना लागतच होता, आम्ही मात्र त्या नावाखाली चुकवत होतो, हे कबूल करतो. शेवटी आमचे विणेकरी एका संध्याकाळी उठले, वीणा गळ्यात तशीच, आणि त्यांच्या दारी गेले. मागून आम्ही चौघे. दार उघडले नाही. आम्ही ओट्यावर बसून हरिपाठ म्हटला आणि परतलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला आतून पाण्याचा तांब्या आला. पाचव्या की सहाव्या खेपेला ते बाहेर येऊन बसले, आणि हरिपाठ झाल्यावर मुलाविषयी बोलू लागले. तो तबला किती छान वाजवायचा, लहानपणी पालखीत कसा हरवला होता, बडनेऱ्याच्या स्टेशनवर त्याला शेवटचे कसे सोडले. रात्रीचे दहा वाजले. निघताना म्हणाले, "आठ महिन्यांत त्याचं नाव घेऊन पहिल्यांदा बोललो." ते अजूनही कधी येतात, कधी येत नाहीत. त्यांचे दुःख आम्ही दूर केले असे मी म्हणणार नाही.

यातून जे शिकलो ते साधे आहे. अशा घरी जावे. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याची एखादी चांगली आठवण असेल तर सांगावी. तो व्यसनी होता, पण तेवढाच नव्हता. किती प्यायचा, हे विचारू नये. "सुटलात" म्हणू नये. बायको स्वतः म्हणाली तर नुसते ऐकावे, तिला पाप लागत नाही. राग निघाला तर निघू द्यावा. कारण सांगायचे की नाही, कोणाला सांगायचे, हे त्या घराने ठरवावे. आपण फोडू नये आणि खोटे म्हणून पकडूही नये. तेरवीनंतर माणसे पांगतात, तेव्हा खरे जायचे असते. तिसऱ्या महिन्यात, पोळ्याला, दिवाळीला, वर्षश्राद्धाला.

हाताचे कामही असते. राष्ट्रीय कुटुंबलाभ आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करायचा असतो, त्या बाईसोबत मंडळातल्या एखाद्या शिकलेल्याने जावे. उधारीवाल्यांशी बोलायला गावातली वजनदार माणसे बसावीत. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे प्रकार थांबवावेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात तसा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तो आदर्श घ्यायला सांगितले. घरात दुसरा कुणी पिणारा असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवावे, दुःख त्याला बाटलीकडेच ढकलते. आणि मागे राहिलेल्यापैकी कुणी "मला जगायचं नाही" म्हणाले तर ते बोलणे समजून सोडू नये, त्याला एकटे ठेवू नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, व्यसनासंबंधी १४४४६ हा क्रमांक आहे. पुण्याच्या मुक्तांगणात, जे अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केले, व्यसनींच्या बायकांसाठी सहचरी गट चालतो. ॲल-अनॉनच्या बैठकाही व्यसनींच्या घरच्यांसाठीच असतात. ज्याच्यावर तेच बीतले आहे त्याच्याशी बोलताना लाज गळते. फडावर आपण एकमेकांच्या पाया पडतो ते यासाठीच ना, की इथे कुणी वरचा नाही?

राहिला त्या मायचा पहिला प्रश्न. पांडुरंग त्याला जवळ करेल का?

कोणाची गती काय झाली हे सांगण्याचा अधिकार मला नाही, कीर्तनात मी तो घेतला होता ही चूक. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळ आहे. त्याचे सारे आयुष्य घसरलेले, शेवटी पोराला हाक मारली आणि ते नाव नारायणाचे निघाले. यमदूतांकडे त्याच्या पापांची पूर्ण यादी होती, यादीत चूक नव्हती. तरी निकाल यादीवर लागला नाही. मग आपण यादी वाचायला का उभे राहावे?

आणि माळ, माय, तिचे मी आता असे म्हणतो. दोनदा तोडली ते गावाने मोजले. दोनदा घातली ते कुणी मोजले नाही. ज्या दिवसांत ती त्याच्या गळ्यात होती, तो सकाळी उठून आंघोळ करून तुझ्या हातची भाकर खाऊन वावरात गेला, ते दिवस खोटे नव्हते. बुडताना माणूस दोनदा काठाला हात लावतो तेव्हा त्याला काठ नको होता असे कोण म्हणेल? तो काठ पांडुरंगच होता. त्याने तो हात ओळखला नसेल असे मला वाटत नाही.

हे तेव्हा सुचायला हवे होते. जीप थांबवायला हवी होती. या आषाढीला आपल्यापैकी कुणाच्या दिंडीत मागे मागे चालणारी, कुणाशी न बोलणारी एखादी माय दिसली, तर माझ्या वतीने तिच्यासोबत चार पावले चाला आणि तिच्या पोराचे नाव विचारा.

राम कृष्ण हरी.